बाँडवरच्या फारकतीनं लग्न मोडत नाही

‘ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात माहेरी राहते. लग्नाला सहा वर्षं झाली. चार सीझन नवऱ्यासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले. दारू पिऊन तो पट्ट्यानं मारायचा. दीड वर्षापूर्वी अंगावरच्या कपड्यानिशी लेकराला घेऊन निघून आले. मुलगी आता चार वर्षांची आहे. सासरचे म्हणतात, दिवाळीच्या आत बाँडवर फारकत लिहून दे. टोळी निघायच्या आधी त्याला दुसरी करायची आहे, नवरा-बायकोची जोडी नसली तर मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) अर्ध्या कोयत्याचीच उचल (आगाऊ रक्कम) देतो. बाँडवर ‘पोटगी नको, सोनं मिळालं’ असं लिहिणार आहेत आणि एक लाख रुपये देऊ म्हणतात. सही केली नाही तर पोरगी पाच वर्षांची झाली की घेऊन जाऊ, आणि मागच्या उचलीतली निम्मी फेड तुझ्याकडून घेऊ, अशी धमकी आहे. भाऊ म्हणतो, सगळ्या घरादारावर चारशे अठ्ठ्याण्णव, छळाची केस, टाक. वडील म्हणतात, सही कर अन् मोकळी हो, कोर्टात पिढ्या जातात. लग्नाची नोंदणी नाही. मी शिवणकाम करते. मला आता नांदायचं नाही. काय केलं म्हणजे मी खरंच मोकळी होईन? — तुमची एक लेक’

लेकी, बाँडवर सही करू नकोस. बाकीचं उत्तर सावकाश वाच, वडिलांना आणि भावाला वाचून दाखव, पण बैठक उद्या बसली तरी एवढं धरून ठेव.

आपल्याकडं फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड अशा नावांनी जो कागद होतो, त्यानं लग्न मोडत नाही. बाँड पाचशेचा असो, त्यावर नोटरीचा शिक्का असो, सरपंचासकट दहा पंचांच्या सह्या असोत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. एखाद्या समाजात फारकतीची जुनी आणि अखंड चालत आलेली रूढी असेल तर या कायद्याच्या कलम २९ नं तिला जागा ठेवली आहे. पण अशी रूढी आहे हे जो म्हणतो त्यानं पुराव्यानं सिद्ध करायचं असतं, आणि ‘आमच्यात असंच चालतं’ एवढ्यावर कोर्टाचं समाधान होत नाही.

म्हणजे सही केल्यावरही तू कायद्यानं त्याची बायकोच राहशील. त्यानं दुसरी केली तर ते लग्न ठरत नाही, उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा होतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या पोरीला त्याच्या शेजारी उभी करतील तिला बायको म्हणून कायद्याचा आधार मिळणार नाही. आणि उद्या तू या बाँडच्या भरवशावर दुसरा संसार मांडलास तर तोच गुन्हा तुझ्या अंगावर येईल.

या बाँडमधला सगळ्यात मोठा धोका मात्र पोटगीचा आहे, आणि तो बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही. पोटगीचं जे कलम सगळ्यांना १२५ म्हणून माहीत आहे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्यात एक अट जुन्या कायद्यापासून तशीच आहे: नवरा-बायको आपसांतल्या संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. कोर्टातून घटस्फोट झालेल्या बाईला, तिनं पुन्हा लग्न केलं नसेल आणि स्वतःला पोसता येत नसेल तर, पोटगी मागता येते. आता तू बाँड केलास तर काय होईल बघ. कोर्टाच्या लेखी तुझा घटस्फोट झालेला नसेल, आणि ‘आम्ही राजीखुशीनं वेगळे झालो’ असा तुझ्या सहीचा कागद मात्र त्यांच्या वकिलाच्या हातात असेल. दोन्हीकडून दार बंद. पोटगीचा हक्क आधीच सोडून देणारा करार कोर्टं सहसा मानत नाहीत, हे खरं. पण ते पटवून देण्यात वर्षं जातील आणि तेवढे दिवस चूल तुलाच पेटवायची आहे.

एक लाखाचा हिशोबही करून बघ. तुझं आणि मुलीचं मिळून महिना चार हजार धरले तरी ती रक्कम पंचवीस महिन्यांत संपते. मुलगी पहिलीत जाईल तोवर हातात काही उरणार नाही. शिवाय मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क आहे. तुझ्या सहीनं तो संपत नाही.

तू घटस्फोटाचं विचारलं आहेस, पण मी तुला आधी दुसराच अर्ज करायला सांगणार आहे. पोटगी, सोनं, मुलीचा ताबा आणि संरक्षण यातलं काहीही मागायला घटस्फोट लागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम १२ चा एकच अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात करता येतो आणि त्यात हे सगळं एकत्र मागता येतं, नुकसानभरपाईसुद्धा. अंतिम निकालाची वाट न पाहता कलम २३ खाली अंतरिम पोटगी मागता येते. तू सध्या माहेरी राहतेस, म्हणून माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात हा अर्ज चालतो. तालुक्याला महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, ते अर्ज भरायला आणि हिंसाचाराचा अहवाल तयार करायला मदत करतात. त्यासाठी आधी पोलीस ठाण्यात जावं लागत नाही.

हा अर्ज टोळी निघायच्या आधी कर. मी यावर एवढा जोर देते त्याला कारण आहे. एकदा टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेली की समन्स घेऊन गेलेला माणूस कुलूप बघून परत येतो आणि तारखा नुसत्या पुढं ढकलल्या जातात. दिवाळीच्या आधी तो गावात सापडेल. अर्जात त्याचा गावचा पत्ता, फोन नंबर, मुकादमाचं नाव-गाव आणि तो ज्या कारखान्याला जातो त्याचं नाव, हे सगळं लिही. तो घरी नसला तर घरातल्या सज्ञान माणसाकडं समन्स देता येतं, आणि मुद्दाम तोंड चुकवत असेल तर कोर्ट त्याच्या गैरहजेरीत पुढं जाऊ शकतं.

‘मी ऊसतोड्या मजूर, माझ्याकडं काय आहे?’ हे तो नक्की म्हणेल. धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना बायको-लेकरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणं यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. म्हणून उशीर केलेला प्रत्येक महिना तुझा जातो. त्याच्या कमाईचा पुरावा तुझ्या ओळखीच्याच जागी आहे: उचल घेताना मुकादमानं लिहून घेतलेला करारनामा, बँकेत आलेले पैसे, ग्रामपंचायतीनं दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. सासऱ्याच्या नावच्या शेतीचा सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) ऑनलाइन निघतो, तोही काढून ठेव. तुझं शिवणकाम लपवू नकोस. थोडं कमावते म्हणून पोटगी नाकारली जात नाही, रक्कम ठरवताना ते बघितलं जातं. लपवलेलं उघडं पडलं तर मात्र तुझ्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

पोटगीचा हुकूम झाला आणि त्यानं पैसे थकवले तर वसुलीचा अर्ज लांबवू नकोस. कलम १४४ खालची थकबाकी देय झाल्यापासून वर्षाच्या आत मागावी लागते. दोन-तीन वर्षं साचू देऊन मग कोर्टात येणाऱ्या बाया मागची रक्कम गमावतात.

जमिनीचं मनात काही असेल तर तेही सांगते. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या जमिनीत निम्मा वाटा मिळतो, हा समज चुकीचा आहे. हिंदू कायद्यात तसा वाटा नाही. कोर्ट पोटगी किंवा एकरकमी रक्कम ठरवताना जमीन विचारात घेतं, एवढंच. पण शेत वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं तुझ्या मुलीचा त्यात जन्मानं हक्क आहे. आईबापांच्या फारकतीनं मुलीचा हक्क जात नाही, म्हणून ‘मुलीचाही काही हक्क राहिला नाही’ असं वाक्य कुठल्याही कागदावर येऊ देऊ नकोस.

सोनं तुझं आहे. माहेरानं घातलेलं, सासरानं घातलेलं, दोन्ही स्त्रीधन. सासूनं ‘जपून ठेवते’ म्हणून घेतलेलं गंठण तिच्या मालकीचं होत नाही. आज रात्री बसून यादी कर: कोणता दागिना, अंदाजे किती तोळे, कुणी घातला, कुणाकडं ठेवला. लग्नातले फोटो, सराफाची पावती, दागिने बघितलेल्या आत्या-मावशीची नावं जोड. कपाट आणि भांडीही लिही. ‘सोनं मिळालं’ हे वाक्य सोनं हातात आल्याशिवाय लिहून द्यायचं नाही, मग लिहिणारा चुलता का असेना.

आता मुलीचं. पाच वर्षांची झाली की लेकरू बापाचं, ही भीती गावोगाव घातली जाते. १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्यात असं आहे की पाच वर्षांच्या आतलं मूल सामान्यतः आईजवळ असावं. पाचव्या वाढदिवसाला ते बापाकडं द्यावं असं त्यात कुठंही नाही. त्यानंतरही कोर्ट एकच गोष्ट बघतं, मुलाचं हित कशात आहे. लेकरू दीड वर्ष तुझ्याजवळ आहे, अंगणवाडीत जातं, लसी वेळेवर टोचल्या आहेत, याचे कागद जपून ठेव. बापाला भेटू देण्याची तयारी ठेव, कोर्टाच्या सांगण्यानुसार आणि सुरक्षित जागी. त्यांनी जबरदस्तीनं उचलून नेलं तर त्याच दिवशी ११२ ला फोन कर आणि लगेच कोर्टात ताब्याचा अर्ज कर. अर्जात अंतरिम ताब्याची मागणी आत्ताच घातलीस तर ही पाळी येण्याचा संभव कमी होतो.

उचलीच्या धमकीनं तू घाबरली आहेस, ते पत्रात दिसतं. मुकादमाचं देणं आणि तुझं लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे कुणी घेतले, कागदावर कुणाची सही किंवा अंगठा आहे, यावर ते देणं कुणाचं हे ठरतं. तुझा अंगठा कुठं घेतला असेल तर वकिलाला आधी सांग. तरीसुद्धा उचलीपोटी कुणालाही तुला कामाला जुंपता येत नाही. १९७६ पासून वेठबिगारी कायद्यानं बंद आहे. चार सीझन मोळ्या तूही बांधल्यास आणि पैसा सगळा त्याच्या हातात गेला. निम्मी फेड मागणाऱ्यांनी चार सीझनच्या निम्म्या मजुरीचाही हिशोब द्यावा, हे बैठकीत वडिलांना मोठ्यानं विचारू दे.

भावाचा राग मला समजतो. बहिणीच्या पाठीवर वळ बघितलेला भाऊ शांत कसा राहील? तुला खरंच मारहाण झाली आहे, तर क्रूरतेची फिर्याद देणं हा तुझा हक्क आहे. मारहाण १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या दंडसंहितेचं ४९८-अ लागेल, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. ही तक्रार साधारण तीन वर्षांच्या आत झाली पाहिजे, म्हणून वेळ अजून आहे. पण लग्न होऊन परगावी नांदणारी नणंद, अंथरुणावर असलेली आजेसासू, अशी सगळी नावं घालू नका. ज्यानं जे केलं तेच लिहा, तारखा आठवतील तशा. घरादाराची नावं घातलेली फिर्याद उच्च न्यायालयात अर्धीअधिक रद्द होते आणि खरा दोषी त्या गर्दीतून सुटतो. आणि ‘केस टाकली की उद्या आत’ असंही आता होत नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही. तुझ्या साक्षीदारांचा विचार आत्ताच कर. ऊसतोडीच्या अड्ड्यावर शेजारच्या कोपीत (झोपडीत) राहिलेल्या बाईनं जे ऐकलं-बघितलं ते सासरच्या गावातल्या कुणी बघितलं नसेल. दवाखान्यात गेली असशील तर त्याचा कागद, फोनवरची शिवीगाळ, वळांचे फोटो, काहीही पुसू नकोस.

हे मार्गी लागलं की घटस्फोट. त्याला दोन रस्ते आहेत. एक, संमतीचा, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि तुझं दीड वर्ष झालं आहे. अर्ज केल्यावर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा जबाब होतो. पण २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असतील, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचा तंटा मिटला असेल आणि समेटाची आशा नसेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं. सासरच्यांना घाई आहे ना? मग त्यांना सांगा, घाईचा रस्ता हाच आहे. बैठकीत जे ठरेल ते सगळं वकिलाकडून नीट लिहून घेऊन कोर्टात दाखल करा. सोनं आधी परत. रकमेचा काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला शेवटच्या जबाबाआधी, डिमांड ड्राफ्टनं. मुलीच्या नावावर बँकेत ठेव. संमतीचा हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागं घेता येते, म्हणून सगळे पैसे ‘नंतर देऊ’वर सोडायचे नाहीत. समजा प्रकरण लोकअदालतीत मिटवायला ठेवलं, तर तिथली तडजोड अंतिम असते, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी तडजोड कुणाकडून तरी दोनदा वाचून घे.

दुसरा रस्ता भांडून घटस्फोटाचा. छळ हे कारण तुला आजही घेता येतं. टाकून दिल्याचं कारण घ्यायचं तर सलग दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. वडील म्हणतात तशा पिढ्या जात नाहीत, पण काही वर्षं जातात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. त्या काळात अंतरिम पोटगी चालू राहावी म्हणूनच मी आधीचा अर्ज आधी सांगितला. घटस्फोटाचा अर्जही तू राहतेस त्या भागातल्या कोर्टात करता येतो. २००३ ची दुरुस्ती बायकोला ही सोय देते. संभाजीनगर, नांदेडसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथं ते नाही तिथं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडं हे काम चालतं. त्यानं लांब कुठं दावा टाकला तर तो इकडं वर्ग करून मागण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो.

लग्नाची नोंदणी नाही म्हणून काही अडत नाही. लग्न विधीनं लागलं की ते लग्न असतं. पत्रिका, फोटो, रेशनकार्डावरचं नाव, मुलीचा जन्मदाखला, लग्न लावणारे गुरुजी, यावर ते सिद्ध होतं.

पोस्टमन सासरचं पाकीट घेऊन आला तर ते परत पाठवू नकोस. घ्यायला नकार दिला तरी कायदा ते मिळालं असंच धरतो. ‘नांदायला ये’ अशी नोटीस असू शकते. तिला उत्तर दिलं नाहीस तर तू विनाकारण घर सोडलंस असं ते म्हणतील. मारहाणीमुळं निघावं लागलं, हे वकिलामार्फत लेखी कळव. समन्स येऊनही कोर्टात गेलं नाही तर एकतर्फी निकाल होतो, आणि तो रद्द करून घ्यायला मुदत फक्त तीस दिवसांची असते.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणात बायकांना कोर्ट फी माफ आहे. कुणी ‘फी भरावी लागते’ म्हणून पैसे मागितले तर पावती माग.

याच दुखण्यात असलेल्या दुसऱ्या वाचक भगिनींसाठी दोन शब्द. बौद्ध पद्धतीनं लग्न झालेल्यांनाही हाच हिंदू विवाह कायदा लागू आहे. मुस्लिम भगिनींनो, एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्यानं बेकायदा आहे आणि तो गुन्हाही आहे. १९३९ च्या कायद्यानं तुम्हालाही कोर्टातून विवाह मोडून मागता येतो. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही १२५ (आताचं १४४) खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

लेकी, बैठकीत तू स्वतः बस, आणि आईला शेजारी बसव. वडिलांनी एवढंच सांगावं: ‘फारकतीला आमची ना नाही, पण ती कोर्टात होईल. सोनं आणा, मुलीचं काय देणार ते बोला, वकिलासमोर लिहू.’ कोऱ्या कागदावर, कोऱ्या बाँडवर, ‘नुसतं हजर होते म्हणून’ असं सांगितलेल्या रजिस्टरवर, कुठंही सही किंवा अंगठा नाही. दमदाटी झाली तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन. आणि बैठक होण्याची वाट न बघता सोमवारी तालुक्याच्या कोर्टात जा. सोबत आधारकार्ड, मुलीचा जन्मदाखला, लग्नाचे दोन फोटो, दागिन्यांची यादी आणि त्याचा फोन नंबर घे. विधी सेवा समितीत अर्ज दिलास की त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घे आणि ती प्रत घरी न ठेवता मावशीकडं ठेव.